बुवांच्या मागे, डावीकडे

"कुठे बसायचंय?" यंत्राने विचारलं. जुन्या स्टिरिओ कॅसेटमधली मैफल त्याने खोलीभर पुन्हा मांडली होती. ऐकणाऱ्याने फक्त जागा सांगायची.

"बुवांच्या मागे, डावीकडे," हेमलताबाई म्हणाल्या.

अडतीस वर्षांपूर्वी मिरजेला, आपल्या गुरूंच्या या मैफलीत, त्या तिथेच तानपुरा घेऊन बसल्या होत्या. ऐन ख्यालात पंचमाची तार उतरली, बुवांनी वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्या दिवसापासून हेमलताबाईंनी गाणंच सोडलं. पुढे कॅसेट शंभरदा ऐकली. पण स्टिरिओत दोन्ही तानपुरे समोरून, एकमेकांत मिसळूनच येत. चूक कुणाची ते कळत नसे, म्हणून त्यांनी ती आपलीच मानली.

बुवांचा षड्ज लागला. हेमलताबाईंच्या कानाशी त्यांचाच तानपुरा घुमू लागला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. तार उतरली, पण ती उजवीकडची! त्यांचा तानपुरा शेवटपर्यंत सुरात होता.

छातीवरचा दगड उतरल्यासारख्या त्या हसल्या. मग उजवीकडे कोण होतं ते आठवलं. ते बुवांचे दुसरे शिष्य आता त्यांचे यजमान होते, आणि चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"अहो, तुम्ही?"

"संशय होता मला," श्रीरंगराव चाचरत म्हणाले. "पण खात्री नव्हती गं."

"अडतीस वर्षं?"

"स्टिरिओच बरा होता," ते पुटपुटले.

"माळ्यावरचा तानपुरा काढा," हेमलताबाई उठल्या. "आज मी गाणार आहे. तुम्ही मागे बसा. जुळवून मात्र मी देते."