आदर्श वर्गाची फिल्म

"पोरगी लय झोपते तुमची, बाई. भुकेच्या वेळेलाही रडत नाही. जरा लक्ष द्या," असं सुलोचनाबाई म्हणाल्या, तेव्हा चंद्रकांताने त्यांना तिथेच गप्प केलं. तुमची मुलं रडतात म्हणून माझ्या मुलीनेही रडलंच पाहिजे का, असं विचारलं. सगळा वर्ग ऐकत होता. तेव्हापासून आसगावच्या शाळेतल्या या दोन शिक्षिका एकमेकींशी कामापुरतंच बोलत.

आणि आता भंडाऱ्याच्या सभागृहात दोघींना शेजारी शेजारी बसावं लागलं होतं. शैक्षणिक तंत्रज्ञानाची मोठी परिषद होती. तीन जिल्ह्यांचे शिक्षक आले होते. स्टेजवर नवे टीव्ही, टेपरेकॉर्डर, स्लाइडचं यंत्र, आणि प्रत्येकाला झेंडूची माळ. आसगावच्या टीव्ही-वर्गावर बोलायचा मान चंद्रकांताला मिळाला होता. खरं तर तो टीव्ही दोन वर्षं सुलोचनाबाईंनी चालवला. वादळ झालं की छपराच्या कवेलूंवर चढून अँटेना त्याच सरळ करत. पण त्या जुन्या काळच्या, सातवी फायनल शिकलेल्या, आणि चंद्रकांता नागपूरची बी.ए. एसटीत सुलोचनाबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फक्त कंडक्टरला मोठ्याने विचारलं, बी.ए.वाल्यांचं तिकीट वेगळं असते का जी.

चंद्रकांताचं लक्ष भाषणांत नव्हतं. आठ महिन्यांच्या मुन्नीला ती पहिल्यांदाच दिवसभर सोडून आली होती. शकुनबाईकडे. ही शकुनबाई रोज शाळेच्या वेळात मुन्नीला सांभाळायची, वर्गाच्या दाराशी मांडीवर घेऊन बसायची. सकाळी निघताना तिने धीर दिला होता, संध्याकाळवरी आवाज नाही काढणार पोरगी, बिनघोर जा. त्या भांडणानंतर चंद्रकांताने तिला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. सुलोचनाबाईंच्या हातात मुन्नीला द्यायचं नाही.

दिवे मालवले. पडद्यावर आसगावची शाळा आली. मागच्या महिन्यात फिल्मवाले येऊन गेले होते. फिल्मला आवाज नव्हता. शिक्षणाधिकारी साहेबच स्टेजवरून माईकवर सांगत होते. मुलं मांडी घालून टीव्हीसमोर बसलेली. मग कॅमेरा सरकत दाराकडे गेला. तिथे शकुनबाई होती. तिच्या मांडीवर मुन्नी हातपाय झाडत होती, तोंड उघडून रडत होती. शकुनबाईने इकडेतिकडे पाहिलं. पदराच्या टोकाची गाठ सोडली. नखावर येईल एवढं काहीतरी काळं काढलं, थुंकीत ओलं केलं, आणि ते बोट मुन्नीच्या तोंडात घातलं.

कॅमेरा मुलांकडे वळला. तास संपताना परत दाराशी आला तेव्हा मुन्नीची मान शकुनबाईच्या हातावरून खाली लोंबत होती.

"पाहा," साहेब म्हणाले, "टीव्ही लागला की तान्हं मूलसुद्धा कसं शांत होतं."

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या.

चंद्रकांताने शेजारी पाहिलं. सुलोचनाबाई तिच्याकडेच बघत होत्या. त्या नजरेत दया नव्हती.

"अफू हाय ते," त्या म्हणाल्या. "माह्या पहिल्या पोराले माही सासू अशीच देत होती. शाळा सुटल्यावर घरी गेली मी, त तो उठलाच नाही."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंत मला?"

"तुम्ही सांगू देल्लं काय?"

दिवे लागले. माईकवर चंद्रकांताचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पण दाराकडे निघाली. साहेब म्हणाले, बाई, स्टेज इकडे आहे. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. तशी ती वळली, सरळ वर गेली आणि माईक हातात घेतला.

"माझी मुलगी टीव्ही बघून झोपलेली नाही. तिला अफू दिली आहे. इथे ज्या बाया लेकरू दुसऱ्याच्या हाती सोपवून आल्या आहेत, त्यांनी घरी जावं."

साहेबांनी माईक हिसकावून घेतला. घरच्या भानगडी घरी ठेवा, तुमच्यावर कारवाई होईल, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग त्यांनी बसा, बसा, असं म्हणायला सुरुवात केली, कारण बायकांच्या बाजूला एक खुर्ची करकरली होती. मग दुसरी. मग पाचसहा एकदम.

चंद्रकांता रस्त्यावर आली तर सुलोचनाबाई तिच्याआधीच येऊन आसगावच्या वाटेने पवनीकडे जाणारा ट्रक अडवून उभ्या होत्या. ड्रायव्हर बायकांना घ्यायला तयार नव्हता. त्यांनी त्याच्याशी भांडून दार उघडायला लावलं आणि चंद्रकांताला आत ढकललं. मग स्वतःही तिच्या शेजारी चढून बसल्या.

आसगाव अजून दूर आहे. ट्रक ज्या वेगाने जाईल त्याच वेगाने जाणार. तुम्ही हे वाचताय, तुमचं बाळ मात्र पलीकडच्याच खोलीत असेल, बऱ्याच वेळचं झोपलेलं. कोणी झोपवलं, ते नंतर विचारा. आधी जा, आणि त्याला जागं करून पाहा.