उमाच्या चांदण्या

"गाणी सगळी आली, हवालदारसाहेब," बिराप्पा म्हणाला. "एक बी मागं ऱ्हायलं न्हाई."

लालासाहेबांनी नव्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. गाण्यांची नावं ओळीने लागली होती. पण नावांपुढच्या चांदण्या कोऱ्या होत्या आणि आकड्यांच्या जागी सगळीकडे शून्य होतं.

"हे नव्हं," ते म्हणाले.

त्यांचा आवाज मोठा होता, परेड मैदानावरचा. शेजारच्या हळदीच्या गाळ्यातल्या माणसाने मान बाहेर काढून पाहिलं.

लालासाहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. सकाळच्या एसटीने ते साताऱ्याहून सांगलीला आले होते. जुना कॉम्प्युटर उमाच्या गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. मांडीवरचा डबा खाली ठेवा म्हणून कंडक्टर मागून दोनदा सांगून गेला. यांनी मानसुद्धा वळवली नाही.

उमा, त्यांची बायको, मार्गशीर्षात गेली. कॉम्प्युटर मुलाने, वीरधवलने, बंगळूरहून आणून दिला होता. त्यात गाण्यांचा एक प्रोग्राम होता. आवडेल त्या गाण्याला एक ते पाच चांदण्या द्यायच्या, आणि कुठलं गाणं किती वेळा पुरं वाजलं ते तो आपणहून मोजायचा. उमाला त्याचा नाद लागला. संध्याकाळी ती गाणं लावायची, थोडं झालं की लालासाहेबांकडे बघून बोटं वर करायची. पाच बोटं वर झाली की ते म्हणायचे, पुन्हा लाव. एकच बोट वर झालं की दोघं हसायची.

ती गेल्यावर दोन महिन्यांनी कॉम्प्युटर अडकायला लागला. साताऱ्यातल्या दोन दुकानांनी सांगितलं, गाणी निघतील, बाकीचं विसरा. तिसऱ्याने सांगलीच्या बिराप्पाचं नाव दिलं.

बिराप्पा आता कॉम्प्युटरच्या डब्यामागे डोकं घालून वायरी बघत काहीतरी सांगत होता. लालासाहेब पडद्याकडे बघत गप्प बसले होते. त्याने परत विचारलं, तरी उत्तर आलं नाही. म्हातारा रागावला असं वाटून बिराप्पा बाहेर आला.

"बोलायचं तर माझ्याकडं तोंड करून बोल," लालासाहेब म्हणाले.

बिराप्पा नव्या शिपायासारखा सरळ उभा राहिला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. जुनी डिस्क खरखरतीय. आणखी एकदा चालेल, त्यानंतरची खात्री नाही. गाणी नव्या कॉम्प्युटरवर सुखरूप आहेत. आता त्या आकड्यांसाठी डिस्कला परत हात लावायचा म्हणजे उगाच धोका.

"गाणी काय, बाजारात मिळत्यात," लालासाहेब म्हणाले. "तिनं कुठलं किती वेळा लावलं, कशाला किती चांदण्या दिल्या, ते कुठल्या दुकानात मिळंल, सांग की."

बिराप्पाने डोकं खाजवलं. मग स्टूल ओढून समोर बसला. त्याने सांगितलं, हा प्रोग्राम गाणं ओळखतो ते त्याच्या पत्त्यावरून. जुन्या कॉम्प्युटरमध्ये गाणी एका ठिकाणी होती, नव्यात त्याने दुसऱ्या ठिकाणी ठेवली. पत्ता बदलला, म्हणून प्रोग्रामला ती नवीन गाणी वाटली.

"मग बदलतोस कशाला?" लालासाहेब म्हणाले. "आमची तुकडी पठाणकोटहून सिक्कीमला गेली, तिथनं राजस्थानात. पत्ता कायम एकच, फौजी टपालाचा, छप्पन्न ए.पी.ओ. हिचं एक पत्र चुकलं न्हाई."

बिराप्पाने पडद्यावरच्या शून्यांकडे पाहिलं. मग हसला.

"आयला," तो म्हणाला, "एवढंच हाय की."

त्याने नव्या कॉम्प्युटरमधली गाणी बाजूला काढून ठेवली. जुन्यात होती तशीच जागा तयार केली, त्याच नावाची, त्याच क्रमाने. मग जुनी डिस्क पुन्हा जोडली. चहा आला आणि कोणी प्यायला नाही. सगळं, चांदण्यांच्या फाइलीसकट, जसंच्या तसं उतरायला दुपार झाली. शेवटची फाइल उतरली आणि थोड्या वेळाने जुनी डिस्क जी बंद पडली ती पडलीच.

बिराप्पाने प्रोग्राम उघडला.

चांदण्या होत्या. आकडे होते. सगळ्यात वर जात्यावरची ओवी, पाच चांदण्या, चारशे बारा वेळा.

लालासाहेब उठून उभे राहिले आणि बिराप्पाच्या पाठीत अशी थाप मारली की तो पुढे झुकला. बिराप्पालाही जोर चढला. त्याने ती ओवी मोठ्याने लावली. हळदवाला हात पुसत दारात येऊन मान डोलवायला लागला. गल्लीतली दोन माणसं थांबली. लालासाहेबांची नजर तेवढी आकड्यावरून हलली नाही. गाणं अर्ध्यात आल्यावर त्यांनी ते बंद करायला लावलं.

"पुरं व्हायच्या आत थांबव," ते म्हणाले. "पुढचा आकडा घरी."

संध्याकाळी साताऱ्यात त्यांनी नवा कॉम्प्युटर मांडून बिराप्पाने दाखवलं तसं सगळं जोडलं. उमाच्या फोटोपुढे दिवा लावला. ओवी सुरू केली आणि खुर्चीत टेकून बसले. थोडं झाल्यावर फोटोकडे बघून पाच बोटं वर केली. गुडघ्यावर ठेका धरला. ओवी संपली आणि चारशे बाराचे चारशे तेरा झाले. उमाने जिथे सोडलं होतं तिथून पुढे. ते मोठ्याने हसले आणि ओवी पुन्हा लावली.

शेजारच्या अंबूबाई भाकरी-पिठल्याचं ताट घेऊन आल्या. दारातच थबकल्या. मग वळसा घालून लालासाहेबांच्या समोर आल्या, खांद्याला हात लावला आणि सावकाश बोलल्या.

"भावजी, गाण्याचा आवाजच येत न्हाई. त्या स्पीकरची वायर खाली पडलीया बगा."

लालासाहेबांनी खाली पाहिलं.

"तुला ऐकायचं असंल तर लाव, अंबूबाई," ते म्हणाले. "माझं कान तोफांनी कवाच नेलं. मला उमा सांगंल तेवढंच गाणं."