पाठ टेकून चालवायची सायकल

हंबीररावांनी सोफ्यावर मांडी घातली, फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज चढवला.

"पावणं, सोडू नका! आणि एक बोली हाणा. हे 'कोल्हापूरकर' कोण हाय कुणास ठाऊक, पार इरंला पेटलंय. जिरवा त्याची!"

पावणा कबनूरचा, यंत्रमागवाला. पाठ टेकून, पाय पुढं सोडून चालवायची ती लांबडी सायकल त्याला दुकानाच्या दारात शोभेला टांगायची होती. सायकल हंबीररावांच्याच घरातली. वृद्धाश्रमाच्या छपरासाठी ऑनलाइन लिलाव निघाला आणि ह्यांनी ती दान करून टाकली. कुणाला विचारून? बायको शाहूवाडीला माहेरी गेली, तेवढ्यात उचलून दिली.

स्वयंपाकघरात वर्षाराणीबाईंनी मिठाच्या बरणीला फोन टेकवला, पिठाचा हात पदराला पुसला आणि बोट दाबलं. 'कोल्हापूरकर'ची बोली चढली.

"आयला, परत चढवली!" बाहेर हंबीररावांनी मांडीवर थाप मारली.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि साधी सायकल सुटली, स्कूटरही सुटली. मग ही आली. रोज रंकाळ्याला चक्कर, कुणाला 'सोडता का' म्हणून न विचारता. त्यावर कट्ट्यावरची टोळकी हसली, "हंबीरराव, वैनी भर रस्त्यात निजल्यात की!" झालं. तेवढ्यावर ह्यांचं नाक कापलं गेलं.

दिलेलं दान मागं मागायचं म्हणजे साऱ्या पेठेत छी-थू. आश्रमातली राजनंदिनी बिचारी म्हणाली होती, "बाई, तुमचीच हाय. गुपचूप घिऊन जावा."

"गुपचूप कशाला?" बाई म्हणाल्या होत्या.

पावण्यानं बोली हाणली. बाईंनी त्यावर हाणली. आमटी उतू गेली, जाऊ दे. पेन्शनची ठेव मोडायला लागली तर तीही मोडू दे. शेवटी कबनूरहून वैतागलेला आवाज आला, "न्हाय बाबा, माग इकून सायकल घिऊ काय?"

वेळ संपली.

"एवढा भाव! आपल्या सायकलीला!" हंबीरराव हरखून गेले. "अगं, ऐकलंस का? कोण वाघ हाय बघू तरी." चष्मा कपाळावर सारून ते मोठ्यांदा वाचायला लागले, "विजेते... सौ. वर्षाराणी हंबीर..."

चष्मा डोळ्यांवर ओढून त्यांनी नाव परत वाचलं.

बाई दारात उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट.

"अगं, आपल्याच घरातली सायकल आपणच..." हंबीररावांनी आपला फोन सोफ्यावर उपडा ठेवला. "लोक काय म्हणतील?"

"दान तुम्ही केलंसा. इकत मी घेतली. आता ती आपली न्हाय, माझी हाय."

हातातला फोन वाजला. राजनंदिनी होती. "बाई, टेम्पोतनं पाठवू का?"

"टेम्पो नको. मी येतो न्यायला."

फोन पिशवीत टाकून बाई उंबऱ्याबाहेर पडल्या, आणि वळल्या.

"आणि अहो, कट्ट्यावर सांगून ठेवा. मी तिथनंच येणार हाय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, फक्त रस्त्यातनं बाजूला सरकून!"