चपलांच्या रांगेत

सारुन आजोबांनी चर्चच्या पायरीवर बसून आधी उजव्या पायातली चप्पल काढली. मग डाव्या मांडीवरचा पट्टा सैल केला, गुडघ्याखालचा अख्खा पाय काढला आणि चपलांच्या रांगेत आपल्या चपलेशेजारी नीट लावून ठेवला.

दारात उभा असलेला क्रिसांतो ते पाहत होता.

तो पाय त्याने केला होता. चर्चने पाठवलं म्हणून फिलिपिन्समधलं घरदार सोडून कंबोडियातल्या या नदीकाठच्या गावात आलेला तो मिशनरी. पण ना पाद्री, ना ब्रदर, हाडाचा सुतार. सुरुंगाने पाय नेलेल्या अकरा जणांना त्याने अडीच वर्षांत पाय करून दिले होते आणि अकराच्या अकरा पाय घरोघरी खुंटीला लटकत होते. "तुझे पाय म्हणजे ठेवणीतले रे बाबा," नूडल्सवाली सोफियाप मावशी त्याला चिडवायची, "लग्नाकार्याला तेवढे बाहेर काढायचे!"

हा बारावा. आज नव्या तांदळाचं अर्पण होतं आणि त्या तांदळाचा वाडगा दारापासून वेदीपर्यंत नेण्याचा मान आजोबांचा होता. आणखी तीन वर्षं राहणार की परत येणार, असं विचारणारं फिलिपिन्सहून आलेलं पत्र क्रिसांतोच्या खिशात चार दिवस पडून होतं. त्याने देवाशी सरळ सौदा केला होता. आजोबा या पायावर वेदीपर्यंत चालले तर राहतो. नाहीतर माझं इथे काय काम?

"आजोबा, अहो, पाय काय काढताय?" तो धावत पायरीवर आला. "आज तरी घाला!"

"त्याला बूट आहे ना." आजोबांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बुटासकट देवाच्या घरात जाऊ? अडीच वर्षांत एवढंही शिकला नाहीस होय रे?"

"तो बूट निघत नाही. मीच चिकटवलाय, पक्का."

"म्हणून तर पाय काढला."

क्रिसांतोला आपलीच कारागिरी आठवली. चार वेळा माप घेतलं, तीनदा साचा मोडला, आणि जिथे माणसं उंबऱ्याबाहेर पायताण सोडतात तिथे त्याने बूट डिंकाने जाम केला होता.

गाणं सुरू झालं. सोफियाप मावशीने वाडगा आजोबांच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "धरू का दंडाला?"

"तू तुझा आवाज धर, कधीचा सुटलाय," आजोबा म्हणाले आणि चटईवर बसले.

वाडगा पुढे ठेवायचा. दोन्ही तळवे टेकायचे. अंग पुढे ओढायचं. पुन्हा वाडगा. दोन हातांची ती मजल. अशा वीस मजला तरी वेदीपर्यंत होत्या. अर्ध्यात पोहोचायच्या आत गाण्याची कडवी संपली. पुन्हा सुरुवात करायचं कुणालाच सुचलं नाही. वाडगा चटईवर टेकल्याचा आवाज तेवढा येत होता.

आणि मग पहिल्या रांगेपासून नव्हे, मागूनच सुरू झालं ते. वडीलधारा माणूस जमिनीलगत सरकत असताना आपलं डोकं त्याच्या वर कसं ठेवायचं? आजोबा ज्यांच्याजवळून जात, ती माणसं वाकत. मांडी घातलेली कोपरांवर आली. कोपरांवरची कपाळ टेकून राहिली. भाताच्या पिकावरून वारा जावा तसं सगळं चर्च हळूहळू खाली जात होतं. वेदीपाशी उभे असलेले फादर क्षणभर घुटमळले, मग पायरी उतरून खाली आले आणि चटईवर बसले. आजोबांनी वाडगा पुढे केला तेव्हा फादरांचं डोकंही खालीच होतं.

सगळ्या चर्चमध्ये एकटा क्रिसांतो उभा होता. हे लक्षात येताच त्याला भीती वाटली. देव खरंच खोलीत आला की वाटेल, तशी. तो मटकन खाली बसला आणि कपाळ टेकलं.

मिस्साची प्रार्थना संपल्यावर तो सगळ्यांच्या आधी बाहेर आला. आजोबांच्या आधी त्याला तो पाय उचलायचा होता. हात लावला आणि तो थबकला. बुटाला घोट्यापर्यंत चिखल होता. टाचेची एक कड झिजली होती. खुंटीवरच्या अकरा पायांना त्याने कधी चिखल पाहिला नव्हता.

आजोबा सरकत उंबऱ्यापर्यंत आले.

"आज होडीने नाही आलात का?" क्रिसांतोने विचारलं.

"होडी कशाला? चालत आलो. बांधाबांधाने."

"एवढं लांब? या पायावर?"

"मग काय डोक्यावर?" आजोबा हसले. "रोज चालतो त्याच्यावर. तो इथवर यायला आहे रे. आत त्याचं काय काम?"

क्रिसांतो चिखल पुसायला वाकला होता. त्याने हात मागे घेतला. आपला सौदा देवाने मोडला की पाळला, हे त्याला सांगता आलं नसतं.

"याला निघणारा बूट करायला हवा," तो कसाबसा म्हणाला. "पुन्हा मापं घ्यावी लागतील. वेळ लागेल."

"मला कुठे घाई आहे?"

क्रिसांतो खालच्या पायरीवर गुडघ्यांवर बसला. त्याने तो चिखलाचा पाय दोन्ही हातांनी उचलला, आजोबांपुढे धरला आणि आपलं डोकं त्याच्याही खाली नेलं.