पहिला हसणारा

"तो पिक्चर माझ्याकडे नाही, भाऊ. अख्ख्या बाजारात कुणाकडेच नसणार."

विल्मरला वाटलं, दुकानदार घाबरतोय. लिमाच्या त्या बाजारात चोरट्या डिस्कची शे-दीडशे दुकानं. परवा थेटरात लागलेला पिक्चर आज इथे मिळतो, वर तीन घेतले तर एक फुकट. 'पेन्शनर गाढव' लागून तर पाच दिवस झाले होते.

"मी पोलीस नाही हो. मी त्याचा दिग्दर्शक आहे."

"मग तर तुम्हाला कळायला हवं," दुकानदार म्हणाला. "कोरी डिस्कसुद्धा आम्हाला विकत आणावी लागते. हा पिक्चर मागायला कुणी आलंच नाही. तुम्ही पहिले."

घोळ विल्मरनेच घातला होता. पिक्चरचा नायक म्हणजे त्याचा बाप, तेओफिलो. या माणसाने चाळीस वर्षं सान मार्तिन चौकात रस्त्यावर उभं राहून लोकांना हसवलं. सत्तरीत पहिला पिक्चर मिळाला, तोही पोराने काढला म्हणून. आणि नेमका तो लागायच्या आठवड्यात म्हातारा सरकारी दवाखान्यात, नाकात ऑक्सिजनची नळी. रोज एकच प्रश्न: "किती माणूस आलं?" आता अशा माणसाला काय सांगणार? विल्मरने ठोकून दिलं, "थेटरात कमी आहेत पापा, पण बाजारात डिस्क धडाधड खपतेय. सगळे घरीच बघताहेत."

म्हातारा असा खुलला की काय सांगावं. "म्हणजे आपण चोरीला गेलो! फालतू माल कोण चोरतंय?" वॉर्डातल्या नर्सपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. मग त्याने विल्मरचा हात धरला. "मला ती डिस्क आण. थेटरात लपूनछपून काढलेली. तिच्यात लोकांचं हसणंही येतं ना? मला चित्र नको, तेवढं हसणं ऐकव. मग मी सुटलो." डॉक्टरांनी विल्मरला आदल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा आठवडा निघणं कठीण आहे.

हे सगळं ऐकल्यावर दुकानदाराचा सूर बदलला. "असं करा, तुम्हीच थेटरात बसून फोनवर काढून आणा. डिस्क मी करून देतो, कव्हरसकट. पैसे राहू द्या."

दुसरा दिवस बुधवार. गुरुवारी नवे पिक्चर लागतात, त्यामुळे बुधवारी दुपारचा खेळ हा गाढवाचा शेवटचाच. थेटरात विल्मर धरून पाच जण. एक जण सरळ झोपायला आला होता. एक जोडपं आपल्याच नादात. एक बाई चुकून या पिक्चरला शिरली होती आणि तिकीट वाया कशाला घालवा म्हणून बसून राहिली होती. विल्मरने फोन छातीशी धरला. पहिला विनोद आला. कुणी हूं का चूं केलं नाही. ती शांतताही फोनमध्ये भरली जात होती, आणि ती बापाच्या कानात जाणार होती. विल्मर मोठ्याने हसला.

हे काम त्याला नवं नव्हतं. चौकात त्याने पंधरा वर्षं हेच केलं होतं. घोळक्यात परका बनून उभं राहायचं आणि सगळ्यांच्या आधी हसायचं. लोक लाजतात हो. एक जण हसला की बाकीचे सुटतात. तेओफिलोचं गणित पक्कं होतं. विल्मर हसला की तो पाठीमागे हात नेऊन बोटांवर तीन मोजायचा. तीनच्या आत घोळक्याला हसू फुटायचंच. चौथं बोट आयुष्यात कधी लागलं नाही, असं म्हातारा छाती ठोकून सांगायचा.

विल्मर दीड तास हसत होता. आधी आपल्या आवाजात. मग कधी जाड, कधी बारीक, कधी खोकत खोकत. कुणी तरी सामील होईल अशी त्याला वेडी आशा होती. झोपलेल्याने कूस बदलली. ती बाई मध्येच उठून गेली. जोडप्यातली पोरगी वळून म्हणाली, "काय झालंय याला?" शेवटी विल्मरचा घसा बसला आणि त्याला रडू आलं, पण तो हसायचा थांबला नाही.

गुरुवारी सकाळी डिस्क म्हाताऱ्याच्या हातात होती. कव्हरवरचा त्याचा फोटो हिरवट आणि वाकडा छापलेला. तो बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिला. "बघ पोरी," तो नर्सला म्हणाला, "अस्सल चोरीचा माल." नर्सने घरून आणलेला छोटा प्लेअर त्याच्या उशाशी ठेवला. तेओफिलोने डोळे मिटून घेतले.

पहिला विनोद आला. पाठोपाठ एक हसणं.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "हा तू," तो म्हणाला. "बरोब्बर वेळेवर." विल्मर काहीतरी बोलायला गेला, तर त्याने हात वर करून त्याला गप्प केलं. मग त्याने तोच हात मूठ वळून पांघरुणावर ठेवला आणि एकेक बोट उघडायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. प्लेअरमधून पडद्यावरच्या गाढवाचं ओरडणं ऐकू येत होतं. चौथं बोट उघडलं. पाचवं उघडलं. दुसऱ्या हाताला सलाईनची सुई होती. त्याही हाताची बोटं त्याने एकेक करून उघडली. दहाही बोटं उघडी राहिली, तेव्हा त्याने डोळे न उघडताच विचारलं,

"कितीपर्यंत मोजू, विल्मर?"