तळ्यावरचा गोळा

"हा तिसरा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चौथ्यांदा खोटा वाजला, तर मी तुमच्या कचेरीला पत्र लिहिणार. राग मानू नका."

भोंगेवाल्यानं राग मानला नाही. हत्यारांची पिशवी शाळेच्या पायरीवर ठेवून तो गुडघे दाबत बसला. चढ चढून यायला चार तास लागले होते. नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि असलं एक पत्र माणसाला घरी बसवायला पुरतं, हे तो जाणून होता.

"गावात काय म्हणतात?"

"रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात. तरी पळतात. परवा पाववाला पिठाच्या हातांनी पळाला. भट्टीत पावांचा कोळसा. वर टेकडीवर उभा राहून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता."

"मागं कोणी राहिलं?"

"कोणी नाही. शिव्या देत का होईना, सगळे वर आले."

त्यानं वहीत लिहून घेतलं.

गावाच्या वर दीड कोसावर तळं होतं. त्याच्या लहानपणी तिथं तळं नव्हतं, बर्फ होता. भर उन्हाळ्यातही त्याच्यावरून चालत पलीकडच्या गावी आत्याकडे जाता येई. मग बर्फ दरवर्षी मागं सरकत गेला आणि त्यानं सोडलेल्या खड्ड्यात पाणी साठलं. पुढं बांध होता तो दगडमातीचा, बर्फानंच कधीकाळी ढकलून ठेवलेला. तो फुटला तर अठरा मिनिटांत पाणी गावात. म्हणून कचेरीनं काठाजवळ पाण्यात खांब रोवून त्याला गोळा टांगला होता. पाणी चढून गोळ्याला लागलं की गावात भोंगा वाजे, आणि माणसांनी टेकडी गाठायची.

"दोरी ताणते," तो म्हणाला. "गोळा खाली येतो. मग उन्हाचं नेहमीचं पाणी चढलं तरी त्याला लागतं."

"मेंढपाळही तेच म्हणाला. वीतभर खाली आला होता म्हणे. त्यानं परवा वर ओढून लाल खुणेवर बांधलाय. तुम्ही जाऊन एकदाचा पक्का करा."

"आज करतो."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि वर्गात गेल्या.

त्याच्या थोरल्या बहिणीचं घर ओढ्याला लागून होतं. गावातलं सगळ्यात खालचं. मेहुणे गेल्यापासून ती एकटीच राही. एक गुडघा धड नव्हता, दुसरा त्याला सोबत करत होता.

"आलास?" चहा ठेवत ताई म्हणाली. "पाणी राहिलं बाजूला, तुझा भोंगाच मला मारणार."

"ताई, शहरात चल म्हणतोय."

"तुझ्या तिसऱ्या मजल्यावर? आपल्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी बघायला?"

हे बोलणं गेली अकरा वर्षं चाललं होतं. दोघांनाही पाठ होतं. दोघांनीही ते लवकर उरकलं.

"पहिल्यांदा वाजला तेव्हा तू उंबऱ्यावरच बसून होतीस," तो म्हणाला.

"म्हटलं, आता या पायांनी कुठं जायचं, बसावं झालं. मग सगळे परत आल्यावर लाज वाटली. दुसऱ्यांदा पेटी घेऊन निघाले. पेटीनं जीव काढला. तेहेतीस मिनिटं. मास्तरीणबाईंनी घड्याळ लावलं होतं, आगाऊ बाई."

"आणि परवा?"

"पेटी घेतली नाही. काठी घेतली आणि कुंपणामागच्या वाटेनं गेले. चोवीस." तिनं कपात चहा ओतला. "शेजारीण माझ्या मागं पडली. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे."

"मग कचेरीनं सराव ठेवला होता तेव्हा का नाही आलीस?"

"खोटं खोटं पळायला मी काय पोर आहे? कोणीच नव्हतं आलं. खरं असेल तर माणूस पळतो."

तो चहा प्याला. खिडकीतून ओढा दिसत होता. या दिवसांत असायला हवा त्याहून भरलेला आणि गढूळ.

"भट्टीच्या मागून का नाही जात? चढ कमी आहे."

"तिथं चिखल असतो."

"पाववाल्याला दगड टाकायला सांगतो."

"तो तुला भट्टीत घालेल. दगडांचं मी बघते, तू तुझा गोळा बघ." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "नोकरी जाईल का रे यात?"

"मास्तरीणबाई मनानं चांगल्या आहेत."

"पत्रही चांगलं लिहितात," ताई म्हणाली.

दुपारी तो तळ्यावर पोचला. दोनदा वाटेत बसावं लागलं होतं. बांधाचा एक कोपरा नव्यानं खचला होता. गेल्या वर्षी ज्या खडकावर बसून त्यानं भाकरतुकडा खाल्ला होता, तो आता पाण्याखाली होता. पलीकडच्या बर्फातून पाणी ठिबकत होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. दोन दिवसांनी ऊन आणखी कडक होणार, असं कचेरीत सांगत होते.

तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि खांबाशी गेला. गोळा बरोबर लाल खुणेवर होता. मेंढपाळाची गाठ पक्की होती. दोरी चांगली होती. ती कधी ताणलीच नव्हती.

त्यानं खाली पाहिलं. सगळ्यात खालच्या छपरातून धूर निघत होता.

अजून सहा मिनिटं कमी व्हायला हवीत, तो मनाशी म्हणाला. मग त्यानं मेंढपाळाची गाठ सोडली आणि याआधी तीन वेळा केलं तसंच, गोळा खुणेच्या वीतभर खाली बांधला.