यंत्राला न दिसलेलं हसू

भिंतीवरच्या, औषधं देणाऱ्या यंत्राने रोजच्यासारखा कुमुदताईंचा चेहरा न्याहाळला. "आज तुम्ही फार उदास आहात. नैराश्याची गोळी वाढवत आहे."

"अरे बाबा, मी मजेत आहे!" कुमुदताई ओरडल्या. पार्किन्सनमुळे त्यांच्या चेहऱ्याचे स्नायू आखडले होते, त्यामुळे हसू आलं तरी उमटत नसे. नेहमीची गोळी त्यांना छान मानवली होती. वाढवली की दिवसभर झोप येई, आणि आज संध्याकाळी तर सोसायटीत गाण्याच्या भेंड्यांची अंतिम फेरी होती.

"थांब, तुझ्याऐवजी मी हसतो," म्हणत त्यांचे यजमान मुकुंदराव यंत्रापुढे उभे राहिले आणि दात काढून हसले.

यंत्राने त्यांचाही चेहरा न्याहाळला. "हे हसू खोटं आहे. तुम्ही कित्येक महिने नीट झोपलेला नाहीत. डॉक्टरांना भेटा."

मुकुंदरावांचं हसू तसंच चिकटून राहिलं, डोळे मात्र भरून आले.

कुमुदताईंनी थरथरत्या हाताने त्यांचा हात धरला. "आणि मी समजत होते, या घरात आजारी मी एकटीच!" त्यांचा चेहरा ढिम्म होता, पण खांदे हसण्याने गदगदत होते. "लावा डॉक्टरांना फोन. त्यांना सांगा, 'हिची गोळी वाढवू नका, माझी सुरू करा.'"